गेटवरची बाटली

ती. बाबा,

नमस्कार कोणत्या तोंडाने करू? काल साहेब घरी आले, त्यांना पाणी देताना तुमचा हात थरथरला आणि पेला सांडला. मी तुमच्यावर केवढ्याने खेकसलो. तुम्ही खांद्यावरच्या टॉवेलने फरशी पुसलीत आणि आज सकाळी ताईकडे निघून गेलात.

साहेबांना मी हसत म्हटलं, "कामाची सवय. सांडलेलं पाणी दिसलं की धडकीच भरते." त्यांना पटलं. आम्ही बांधतोय त्या अणुभट्टीत वितळलेलं सोडियम फिरणार आहे, आणि पाणी लागलं की सोडियम पेट घेतं. त्याचा साठा आताच येऊन पडलाय, म्हणून तिथे थेंबभर पाणीही आत नेऊ देत नाहीत. मघाशी ताईलाही फोनवर हेच कारण दिलं. ती म्हणाली, "मग बाबांना तसं समजावून सांग ना."

कसं सांगू? ते खोटं आहे, बाबा. साहेबांसमोर मला तुमच्या हाताची लाज वाटली. हे कागदावर लिहितोय खरं, पण पाठवायची हिंमत होणार नाही.

जातानाही तुम्ही माझी पाण्याची बाटली भरून ठेवलीत. ती रोज गेटवरच ठेवावी लागते आणि संध्याकाळी मी ते पाणी ओतून देतो, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आज गेटवर उभा राहून सगळी प्यालो. पिताना माझाच हात थरथरला आणि शर्ट भिजला.

रखवालदार हळूच म्हणाला, "ओल्या कपड्यांनी आत नाही जाता येणार. बसा, वाळू दे." आणि त्याने स्वतःची खुर्ची पुढे केली.

तिच्यावर बसूनच लिहितोय.

तुमचा,
धाकटा