मनीच्या डब्यातलं मटण

कल्याणी,

तुझ्या लग्नाला वर्ष झालं, त्याच आठवड्यात कॅम्पातली मडम विलायतेला गेली. जाताना तिची मनी आणि मांजराच्या खाण्याचे डबे माझ्याकडे देऊन गेली. तू माहेरी आलीस तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तुझ्या अंगात हाडांना लागणारा चुना आणि लोह कमी असल्याचं सांगितलं. डब्यावर दोन्ही भरपूर असल्याचं बंगल्यावरच्या बटलरनं मला वाचून दाखवलं होतं. म्हणून बुधवारी मी रस्सा केला, तेव्हा तुझ्या वाटीत त्या डब्यातलं मटण घातलं. "आप्पा, मटण लई मऊ झालंय," म्हणालीस. मी पुढं भाकरी सरकवली.

आज गुरांचे डॉक्टर म्हणाले, या डब्यात हाडांची पूड फार आहे. महिनाभर तेवढंच खाऊन मनीला मुतखडा झाला, लघवी तुंबली. एका वाटीनं माणसाला काही होत नाही म्हणाले. पण तुला आठवा महिना आहे.

डॉक्टरीणबाईंना आणायला अनगोळला निघालोय. पाणी भरपूर पी. फडताळातल्या डब्यांना हात लावू नकोस. तुझ्या शरदला मीच सांगेन.

तू शिकवलेली अक्षरं पहिल्यांदा या कामाला आली.

मनी आज सकाळी आठ वाजता मेली.

आप्पा