भरताची पहिली चव कोणी घ्यायची

तीर्थस्वरूप अक्कास,

तुझ्या धाकट्या, आणि सध्या पोटात चूल पेटवून हिंडणाऱ्या भावाचा, नवलचा, उभ्यानेच नमस्कार. (साष्टांग घातला असता, पण जेवून आडवं पडलं की आंबट पाणी घशाशी येतं, असं तुझ्याच चिरंजीवांचं म्हणणं आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? देवपुरात नदीकडून गार वारा येतो, पायांत मोजे घालत जा. दाजींचा खोकला गेला असेल. आमच्याकडे भागाबाई, दीपक, सूनबाई, दोन्ही म्हशी, सगळे खुशाल. मी सोडून. फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि अर्धं देवपूर ऐकतं, म्हणून हा कागद.

अक्का, हितेंद्र डॉक्टर झाला तेव्हा फैजपुरात पेढे मी वाटले. आता वाटतं, ते सगळे मीच खाऊन टाकायला हवे होते, कारण त्यानेच आता माझं खाणं बंद केलं. मागच्या महिन्यात छातीत जळतं म्हणून धुळ्याला त्याच्या दवाखान्यात गेलो, तर सख्ख्या मामाच्या घशात त्याने काळी नळी घातली. (तिथला नळी धुणारा माणूस मला धीर देत होता, ‘घाबरू नका बाबा, बठ्ठं बरं व्हई जाई.’ तेवढाच काय तो माणुसकीचा शब्द.) मग म्हणाला, जठराला सूज आहे, दोन जागी ओरखडे आहेत, तिखट बंद, चहा बंद, भरीत बंद, चालू फक्त आम्लाची एक गोळी. मी म्हटलं, भाच्या, डिसेंबरात भरीत बंद म्हणजे काय? मी काय पुण्याचा आहे का?

तेव्हा त्याने कागदावर एक वांगं काढलं आणि हे तुमचं जठर म्हणाला. मला समजलं ते सांगतो. पोटातलं आम्ल आपल्या मनाने सुटत नाही, त्याला वरून हुकूम लागतो. पहिला हुकूम मेंदूचा. व्हेगस नावाची नस डोक्यातून थेट पोटात उतरते. वांगं दिसलं, वास आला, नुसती आठवण झाली, की ती पोटाला कळवते आणि घास तोंडात जायच्या आत आम्ल सुटायला लागतं. दुसरी चिथावणी गॅस्ट्रिनची. हे हार्मोन अन्न पोटात पडलं की जठराच्या खालच्या टोकाकडून रक्तात उतरतं आणि फिरून पुन्हा पोटातच येऊन ‘आणखी सोडा’ म्हणतं. तिसरं हिस्टामिन, ते या दोघांचं ऐकून शेजारच्या पेशींचे कान भरतं. आणि आम्ल फार झालं की सोमॅटोस्टॅटिन नावाचा एक गृहस्थ येऊन ‘पुरे आता’ म्हणतो. म्हणजे आपल्या भाऊबंदकीचाच कारभार. चिथावणारे तिघं, आवरणारा एकटा, आणि तोही सगळं पेटल्यावर येणार.

आता तूच सांग. तुझ्या मुलाने माझं तोंड बांधलं, पण डोकं मोकळं सोडलं. ते कुठे टांगून ठेवायचं, हे चिठ्ठीत लिहिलं नाही. मी इथे भागाबाईने केलेला दुधी गिळतो आणि ओट्यावर बामणोदची वांगी पडलेली असतात, हिरवी, गुबगुबीत. व्हेगसला काय कळतं पथ्य? ती बिचारी कळवून मोकळी होते. आम्ल सुटतं, आणि त्याच्या वाट्याला येतो दुधी. ते खवळणार नाही तर काय करेल? मी असतो तर मीही खवळलो असतो.

खरं दुखणं पुढे आहे. आपल्या मळ्यातली भाऊबंदांची भरीत पार्टी तुला ठाऊक आहे. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, सोलायची, आणि बडगीत, त्या आजोबांच्या लाकडी डोणीत, मिरच्या-लसणासकट ठेचायची. ज्याच्याकडे बडगी त्यानेच पहिली चव घ्यायची. त्याने मान हलवली तरच पंगत बसते, नाहीतर मंत्री का आलेला असेना, हात धुऊन उभा राहतो. आबा गेले आणि बापाचा तो मान माझ्याकडे आला. कोणाच्या पोरीचं लग्न मोडलं, कोणाचा बांध सरकला, तेव्हा मला कोणी विचारलं नाही. पण मिरची कमी की जास्त, हे गावाने मलाच विचारलं. तेवढीच माझी कमाई आहे अक्का, हसू नकोस.

तर ही पथ्याची बातमी भिकनच्या कानावर गेली. आपल्या चुलतभावाला माझी काळजी वाटायला लागली की समजावं, आपलं काहीतरी हातचं गेलं. आला, माझ्या खाटेवर बसला आणि म्हणाला, नाना, तुम्ही यंदा खुर्चीवर बसून नुसतं बघा, बडगी मी सांभाळतो, तब्येत आधी. भागाबाईने लगेच मान डोलावली. (लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या कुठल्या वाक्यावर तिने अशी मान डोलावली नाही.)

पार्टीच्या दिवशी मला वाऱ्याच्या उलट्या बाजूला, निंबाखाली, बडगीकडे पाठ करून बसवलं. मांडीवर दुधीचा डबा. वास येऊ नये म्हणून नाकाला रुमाल. पण कान कोण बांधणार? भिकन ठेचत होता आणि त्या आवाजावरून मला कळत होतं की वांगं अजून धाग्यात आहे आणि मिरच्या तर मोजून चार टाकल्या असाव्यात. ठप्प ठप्प ऐकूनच पोटात आम्लाचा पाट सुटला. म्हटलं, बघू तरी. वळलो. तर काय, हा माणूस भाजलेल्या मिरच्यांची परात बाजूला सरकवत होता! त्याचे पुण्याचे जावई आले होते ना, त्यांना सोसणार नाही म्हणे. अरे, मग जावयांना श्रीखंड घाल, भरताची कशाला विटंबना करतोस! हे ओरडायला मी उठलो, आणि पोटातून जे काही उसळलं ते थेट छातीत येऊन अडकलं. मी छाती धरून मटकन खाली बसलो.

मग काय विचारतेस! भागाबाईने हंबरडा फोडला, हार्ट अटॅक, हार्ट अटॅक. मी हाताने मिरच्यांकडे दाखवतोय आणि ही म्हणते, बघा बघा, हात वर जातोय. भिकनने ठेचणं तसंच टाकलं, मला गाडीत कोंबलं, भागाबाईला शेजारी बसवलं आणि जळगावची वाट धरली. वाटेत त्याचा चेहरा माझ्याहून पांढरा. तेवढ्यात बघतो, तर एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने खिशातली गोळी काढून कोरडीच गिळतोय. मी म्हटलं, ती माझी गोळी तुझ्या खिशात कशी? भागाबाईसमोरच ढसाढसा रडत कबूल झाला. हा वर्षभर हितेंद्रचाच पेशंट आहे, अक्का! मिरची याला सोसत नाही, जावयांचं नुसतं नाव. इतक्या लोकांसमोर पहिली चव घ्यायची या धास्तीने त्याच्या पोटात आठवड्यापासून आग पडली होती. मग मागितली कशाला बडगी? तर म्हणे, नाना, एकदा तरी सगळ्यांनी माझ्या मानेकडे बघावं असं वाटलं. शिवी तोंडात आली होती, तीही आंबट लागली.

जळगावला छातीला चिकटपट्ट्या लावून ईसीजी काढला. हृदय घोड्यासारखं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ॲसिडिटी आहे, गोळी कधी घेता? मी म्हटलं, जळलं की. तेव्हा त्यांनी मला शाळकरी पोरासारखं झापलं. ती गोळी सकाळी, खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, आम्ल सोडणारे पंप सुरू व्हायच्या बेतात असताना, म्हणजे ते बंद पडतात. गाव वाहून गेल्यावर मोटर बंद करून काय उपयोग? (हितेंद्रने हे सांगितलं असेलही. तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरात पार्टीची तारीख बघत होतो.)

इकडे मळ्यात पंगत ताटकळलेली. चव घेणारा मी खाटेवर, दुसरा माझ्या उशाशी. आणि तुला सांगतो, काय झालं असेल? आमच्या सूनबाई, ज्योती, जामनेरची लेक (तिकडच्यांना भरीत कशाशी खातात हे माहीत नाही असं मी तिच्या बापासमोर म्हणालो होतो), कोणाला न विचारता बडगीजवळ गेली. बोटाने चव घेतली. परातीतल्या सगळ्या मिरच्या आत लोटल्या, पदर खोचून पुन्हा ठेचलं, पुन्हा चव घेतली आणि मान हलवली. पंगत बसली! दीपकचा फोन आला, नाना, लोक बोटं चाटताहेत. मी चिकटपट्ट्यांसकट तसाच पडून राहिलो. बाईमाणसाने बडगीला हात लावायची आपल्यात रीत नाही. आबा असते तर काय झालं असतं? अन्याय झालाय, अक्का, तू थोरली आहेस, तूच तिला दोन शब्द सुनाव.

गुडघ्यांना जप. दाजींना नमस्कार.

तुझा,
नवल

ता. क. संक्रांतीनंतर पुन्हा पार्टी आहे. हितेंद्रकडून एक चिठ्ठी आण, ‘नवलमामांनी चिमूटभर चव घेण्यास हरकत नाही.’ शिक्का ठळक मार म्हणावं. भिकनला दाखवायचाय.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवलं होतं, फोडलं. ज्योतीने त्या दिवशीचं भरीत माझ्यासाठी डब्यात काढून ठेवलं होतं, आज भागाबाई देवळात गेल्यावर तिने गुपचूप पुढ्यात ठेवलं. अक्का, आई गेल्यापासून असं लागलं नव्हतं. आई चुलीपाशी याच बडगीत ठेचायची, तुला आठवतं ना? मग बाईमाणसाने हात लावायचा नाही ही रीत कोणाची, आबांची की माझी? डोळ्यांना पाणी आलं. मिरचीचं समज. नंतर जळलं, खूप जळलं, पण जळू दे.

तेव्हा आधीची चिठ्ठी नको. हितेंद्रला असं लिहायला सांग, ‘नवलमामांना पहिली चव जन्मभर बंद.’ म्हणजे बडगी सुनेच्या हाती देताना डॉक्टरचं नाव पुढे करता येईल. तिला माझ्यापेक्षा बरं जमतं, हे चार लोकांत तोंडाने बोलायला मला जमणार नाही. आणि नीट वाचून घे, बंदी फक्त पहिल्या चवीला. पंगतीतल्या घासांबद्दल चिठ्ठीत अवाक्षर नको.