आधी कातडी की आधी ताकद

ता. ४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या डॉक्टरांनी सुचवलेल्या दोन पेप्टाइड औषधांबद्दल वाचलं, आमच्या प्रयोगशाळेतल्या मोठ्या बाईंनाही विचारलं. निळसर आहे ते तांब्याचं. किरणांच्या शेकाने भाजलेल्या मानेवर लावायचं. नवी कातडी धरायला मदत होते म्हणतात. दुसरं पाण्यासारखं, आठवड्यातून दोनदा टोचायचं. कॅन्सरच्या औषधांनी खचलेली प्रतिकारशक्ती सावरते म्हणतात. पुरावे दोन्हींचे तोकडे, हमी कशाचीच नाही. एका वेळी एकच द्यायचं, म्हणजे गुण कशाचा ते कळेल, हे डॉक्टरांचं बरोबर आहे. माझं मत निळ्याला. अशी मान घेऊन तू शिवणयंत्रावर वाकणार कशी? हट्ट करू नकोस, वेळेवर जेव. माया आहे तशीच राहू दे.

तुझा धाकटा

ता. १५ मार्च

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

घाबरलास की पाठ केल्यासारखं बोलायची तुझी खोड गेली नाही, पत्रातही तेच. मान दुखते रे, गाऊनची कड लागली तरी जीव जातो. पण मला सुई हवी. प्रतिकारशक्ती वर आली की या खोलीचं दार उघडतील, माणसाला आत येऊन पलंगावर बसता येईल. चार महिने हातमोज्याशिवाय कुणाचा हात लागलेला नाही मला. मान काय, भरेल सावकाश.

तोवर काचेबाहेरून भेटता येतं. तुझे मेहुणे रोज येऊन तिथली खुर्ची झिजवतात. ताईला संसर्ग होईल म्हणून येत नाही, असं तू त्यांना सांगितलंस म्हणे. काचेतून कसला रे संसर्ग? फार आठवण येते तुझी. तब्येतीला जप, आणि राग मानू नकोस.

तुझी ताई

ता. २१ मार्च

ती. ताईस सा. न.

हे पत्र पोस्टाने नाही, नर्सबाईंच्या हाती देतोय. संसर्ग हे निमित्त होतं. आईला शेवटचं अशाच खोलीत पाहिलं होतं, तुला पाहायची छाती होत नव्हती. पत्रात पाठ केल्यासारखं लिहितोय, हे मलाही कळत होतं.

सुई आधी, असं डॉक्टरांना सांगितलंय, पहिली आज संध्याकाळी. गुण यायला महिने लागतील, कदाचित येणारही नाही. तू झोपली होतीस तेव्हा अर्धा तास बघत उभा होतो. केस गेलेत, बारीक झालीस, तरी झोपेत कपाळाला आठी तीच. रडलो, लपवत नाही.

रजा टाकून आलोय. मेहुण्यांना घरी पाठवलंय, खुर्ची आता माझी. शिव्या द्यायच्या असतील तर दे. काचेतून ऐकू येत नाही, पण तोंडाकडे बघून सगळ्या समजतील मला.

बाहेर बसलेला,
तुझा धाकटा