मागची सीट

प्रिय साईनाथ भावोजी,

हे पत्र तुमच्या मार्केट यार्डातल्या गुळाच्या गाळ्यावर पाठवतेय. फोन तुम्ही उचलत नाही आणि मेसेज वाचून न वाचल्यासारखं करता. कागद निदान दिवाणजींनी आणून समोर ठेवला की उघडावाच लागतो. दिवाळीपासून तुम्ही आमच्याकडे पाऊल टाकलं नाहीत. ऋषी अजून खाली गाडी थांबली की मान वळवून बघतो.

आमचं सगळं बरं आहे, असं लिहायची पद्धत असते. पण तुम्हाला काय खोटं लिहायचं! ऋषीला आता शर्टाची बटणं लावता येत नाहीत. सकाळी मी लावून देते, तेव्हा तो छताकडे बघत उभा राहतो. डॉक्टर म्हणतात, स्नायू असेच निकामी होत जाणार, आधी हात, मग पाय. औषधाने फक्त थोडी सवड मिळते.

काय तो तुम्हा दोघांचा चाकूंचा नाद! माझ्या स्वयंपाकघरातली सुरी आजही टोमॅटो चेपते, कापत नाही. आणि कपाटात मात्र मखमलीत गुंडाळलेले ढीगभर घडीचे चाकू. कुठलीही बाईक बाजारात यायच्या आधी तुम्हाला तिचा टॉर्क पाठ, आणि बायकोचा वाढदिवस फोनने आठवण केल्यावर कळणार! धार बघायला म्हणून तुम्ही हातावरचे केस भादरत बसायचात. ऋषीच्या डाव्या हातावर कायम एक टक्कल असायचं. परवा आमची अक्षता म्हणाली, आई, बाबाच्या हातावर केस उगवलेत बघ. पोर सहज बोलून गेली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

खंडेनवमीचं तुम्ही मनाला लावून घेतलंय, ठाऊक आहे मला. ऋषीची नवी बाईक पार्किंगमध्ये झेंडूच्या माळा घालून उभी होती. तुमच्या बाईकवाल्या ग्रुपची रीतच ती, नव्या गाडीवरून ओवाळलेलं लिंबू नव्या चाकूने कापायचं, आणि तो चाकू एका अंगठ्याने उघडायचा. तुम्ही आणलेला चाकू भांडण नको म्हणून हातात न देता पाटावर ठेवलात. ऋषीने उचलला. पातं काही उघडेना. पुन्हा जोर केला, आणि चाकू हातातून खाली पडला. तुम्ही म्हणालात, वहिनी, याला जरा जेवायला घालत जा. सगळे हसले. अहो, मीसुद्धा हसले! तुम्ही काढलेला व्हिडिओ ग्रुपवर टाकलात, ऋषीचा अंगठा रिटायर झाला म्हणून. मग रिपोर्ट आले. तुम्ही व्हिडिओ पुसलात, ग्रुप सोडलात, आणि आमचा जिनाही सोडलात.

तो व्हिडिओ ऋषीने आधीच उतरवून घेतला होता. रोज बघतो. रागाने नाही हो. त्याची जीभ जड व्हायला लागलीय. फोनवर बोलला की लोक म्हणतात, आवाज तुटतोय तुमचा. त्या व्हिडिओत तो तुम्हाला शिव्या घालतो ना, त्या अगदी स्वच्छ ऐकू येतात. मलाही आता त्या ऐकाव्याशा वाटतात. शिवी ऐकली की कान झाकणाऱ्या माझ्यासारखीला!

बाईक तशीच उभी आहे. क्लच दाबायचं बळ त्याच्या बोटांत नाही. विकू या का, म्हणून मी एकदाच विचारलं, तर दिवसभर जेवला नाही. अक्षता स्कूटर चालवते, ती म्हणाली, बाबा, माझ्यामागे बस, फिरवून आणते. त्यावर हा म्हणतो, स्कूटरवर मला कोणी पाहिलं तर आजारापेक्षा ते वाईट. मग म्हणाला, मागेच बसायचं असेल तर साईच्या मागे बसेन, त्याच्या कमरेला धरायची लाज नाही वाटणार.

म्हणून मी डॉक्टरांना एकटीने गाठून विचारलं, गाडीवर मागे बसवलं तर चालेल का? हा हिवाळाभर तरी बसू शकेल, म्हणाले. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायचा मला धीर झाला नाही. घरी आले, तर हा खिडकीशी बसलेला. त्याचं तोंड बघवेना, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की भावोजींचा फोन आला होता, रविवारी सकाळी येतायत, तुला घेऊन खडकवासल्याला जाणार आहेत. तेव्हापासून दोन्ही हेल्मेट सोफ्यावर मांडून ठेवलीत त्याने, मला तिथे बसूही देत नाही. भावोजी, तुमचा फोन आलाच नव्हता, हे मी त्याला कुठल्या तोंडाने सांगू? माफीबिफी मागू नका, त्याला ती झेपणार नाही. नुसते या, आणि खालून हाक मारा.

तुमचीच,
पूर्णिमा वहिनी