दोरा दातात धरू नये

स्टॅनमोर,
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

ती. उल्कामावशीस,

वाकून नमस्कार. समोर असले की तू पाय मागे घेतेस. पत्रातून घेता येणार नाहीत, म्हणून आधी ते उरकून घेतलं.

फराळाचं पार्सल दिवाळीनंतर दहा दिवसांनी पोचलं. चकल्यांचा चुरा झालाय, पण सुयश तो दह्यात घालून चमच्याने खातो आणि वर म्हणतो, मावशींना सांग, पुढच्या वेळी मोडूनच पाठवा. इथे थंडी पडलीय, साडेचारलाच दिवे लावावे लागतात. माझी तब्येत उत्तम.

फोन न करता पत्र कशाला, असं तू आता चष्मा वर सरकवून म्हणत असशील. तू फोन स्पीकरवर टाकून कामाला लागतेस, आणि पार्लरमध्ये फेसपॅक लावून बसलेल्या साऱ्याजणी माझं बोलणं ऐकतात. मागे मी ‘जरा टेन्शन आहे’ म्हटलं, तर मागून कुणीतरी विचारलं, “दिवस गेलेत का तिला?” गेलेले नाहीत, त्यांना सांग. आणि हे पत्र एकटीने वाच.

आनंदाची बातमी आधी. मी परीक्षा पास झाले!

इथे लोकांच्या चेहऱ्याला हात लावायचा तर कागद लागतात. फेशियल, मसाज करायचं तर कौन्सिलचा परवाना, त्यासाठी कॉलेजचं सर्टिफिकेट, शिवाय विमा. स्टेशनजवळ मीनलताईंचं सलून आहे. त्या माहेरच्या सांगलीच्या, बावीस वर्षं इथे आहेत. जानेवारीपासून मागची खोली मला देणार म्हणतात, पण परवाना भिंतीवर लागेपर्यंत कापसाच्या बोळ्यालाही हात लावू देणार नाहीत. मला ते आवडलं. तुला माझा स्वभाव माहीत आहे, रांगेत उभी असले तरी रांग हीच ना, असं तिघांना विचारते.

कॉलेजचा फॉर्म चौदा पानांचा होता. एक रकाना सोडला तर सगळा नीट, खरा भरला. त्या रकान्याचं पुढे सांगते.

पास झाले ती दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला, सप्टेंबरमध्ये, नापास झाले होते. मीनलताई स्वतः गिऱ्हाईक म्हणून खुर्चीत बसल्या होत्या. मी भुवया कोरायला दोरा काढला, पीळ घातला आणि एक टोक दातात धरलं. परीक्षक मिसेस हॉलिस पेन खाली ठेवून म्हणाल्या, “ते आधी तोंडातून काढ, प्लीज.” इथे दोरा दातात धरलेला चालत नाही, थुंकी लागते म्हणून. पुस्तकात लिहिलेलं होतं, मी पाठही केलं होतं. पण ते दातांना कुठे माहीत? अकरा वर्षं ते तुझंच ऐकत आलेत.

मग सहा आठवडे दोरा मानेत अडकवून सराव केला, स्वतःच्या पोटऱ्यांवर, चौदाव्या वर्षी तुझ्याकडे केला तसाच. सुयश म्हणाला, “दावं बांधल्यासारखी दिसतेस.” मी म्हटलं, “मग चारा टाक.” त्याने खरंच बशीतून काकडी आणून दिली.

गुरुवारी परत परीक्षा झाली. भुवयांना रंगही लावायचा होता, म्हणून आदल्या दिवशी मीनलताईंना रंगाचा एक ठिपका कानामागे लावून ठेवला होता, आणि दुसरा कोपराच्या आतल्या बाजूला. अंगाला सोसतो का बघायला. मिसेस हॉलिसनी विचारलं, “नियमाप्रमाणे एक जागा पुरते. दुसरी कोणी सांगितली?”

तुझं वाक्य माझ्या तोंडातून जसंच्या तसं बाहेर पडलं. “कानामागचं तिचं तिला दिसत नाही, कोपराचं दिसतं.” त्या नवरीच्या आईला तू असाच ठिपका लावून ब्लीचसाठी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलंस आणि ती रागावून निघून गेली, तेव्हा म्हणाली होतीस तू हे.

मिसेस हॉलिसनी कागद चाळले. म्हणाल्या, “तुझ्या फॉर्ममध्ये यापूर्वीचं प्रशिक्षण ‘काही नाही’ असं लिहिलंय. मग हे सांगणारी कोण?”

तोच तो रकाना, मावशी. ‘यापूर्वीचं प्रशिक्षण, आणि कोणाकडे?’ ऑफिसातली बाई म्हणाली होती, सर्टिफिकेट नसेल तर ‘काही नाही’ लिही, सोपं पडतं. मी लिहिलं. आणि खाली सही होती, माहिती खोटी निघाल्यास अर्ज रद्द. तेव्हापासून रोज ते पान आठवत होतं. एक भुवई झाली होती, दुसरी तशीच होती, आणि मी दोरा मानेत घेऊन उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं. कऱ्हाडच्या तुझ्या पार्लरची मागची खोली, पावडरची पितळी वाटी, पोटऱ्या, सगळं. डोळे पुसायलाही हात मोकळा नव्हता.

मीनलताई डोळे मिटूनच म्हणाल्या, “रड हवं तेवढं, पण दुसरी भुवई कर आधी. मी काय एकच भुवई करून घरी जाऊ?”

केली. मिसेस हॉलिस म्हणाल्या, हात पास आहेत, फॉर्म नाही. तो दुरुस्त करून द्यायचा, आणि जिने शिकवलं तिचं सहीचं पत्र जोडायचं. ते आलं की सर्टिफिकेट, मग परवाना.

म्हणजे माझं आता तुझ्याकडे अडलंय. आणि मागायच्या आधी एक सांगायला हवं.

साखरपुड्याच्या दिवशी सासूबाईंनी कौतुकाने विचारलं होतं, “हिला एवढं छान कुठून येतं?” मी म्हटलं, “असंच, हौस म्हणून.” पार्लरवाल्या मावशीकडे शिकले म्हणायची लाज वाटली मला. तू चहाचा ट्रे घेऊन दारात होतीस. तू ऐकलंस, मला माहीत आहे, कारण कप मांडताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस. आणि तीन महिन्यांनी पहाटे चारला उठून माझा लग्नाचा मेकअप केलास. फॉर्ममध्ये ‘काही नाही’ लिहिलं ते दुसऱ्यांदा होतं, मावशी.

सासूबाईंना काल फोन करून खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग तेव्हाच सांगायचंस की! मीही केली असती भुवई.” पुढच्या महिन्यात कऱ्हाडला येणार आहेत तुझ्याकडे, दोरा तयार ठेव. तू दातातच धर, तिथे मिसेस हॉलिस नाहीत.

आता पत्राचं. ‘मी कुठली शिक्षिका, माझ्याकडे एक कागद नाही’ असं म्हणू नकोस. तुझ्याकडे नाही म्हणूनच तुझ्या हातचा हवाय. मराठीत लिही, भाषांतर इथे करून घेईन. तुझं पूर्ण नाव, पार्लरचं नाव, कोणत्या वर्षापासून शिकवलंस, काय काय शिकवलंस. कोपराचं विसरू नकोस. खाली सही कर आणि स्पीड पोस्टने पाठव. माझं चुकलं ते पोटात घातलंस तर बरं वाटेल, नाही घातलंस तरी पत्र पाठव.

आणि ‘अर्जदाराशी नातं’ विचारलंय, तिथे मावशी लिहू नकोस. माझ्या बाजूचं मी फॉर्ममध्ये लिहून टाकलंय, आणि इथेही लिहिते.

तुझी विद्यार्थिनी,
आश्लेषा