शेगडी गाडीवर चढवली

सुंदरराव भावजी,

अक्षर माझंच हाय. तुमच्या भावानं जायच्या आधी मला लिहायला शिकवलं होतं, ते तुमाला ठाऊक नव्हतं.

बैलगाडीवर शेगडी बांधून मी कचेरीपुढं चालले. मटण भाजायच्या सळया अन् मसाल्याचा डबाही नेलाय. समदं माझ्या माहेरचं हाय, तवा चोरीची बोंब मारू नका.

गेल्या बाजारी तहसीलदारसाहेबांनी आपल्या खानावळीत बोटं चाटत विचारलं, "हे मटण भाजतं कोण?" तुमी म्हणालात, "मीच, साहेब." मी दाराशी आले तर हसून म्हणालात, "ही विधवा भावजय. भांडी घासती." सात वर्षं त्या निखाऱ्यांच्या आरापुढं मी बसले, भावजी. माझे भाजलेले हात तरी बघायचे होते.

काल मी साहेबांच्या घरी गेलते. बाईसाहेबांना सगळं सांगितलं अन् त्यांच्याच अंगणात मटण भाजून दाखवलं. साहेबांनी पहिला घास खाल्ला अन् म्हणाले, "म्हंजे तो लबाड बोलला की!"

आज साहेब पाहुण्यांना घेऊन माझ्या गाडीवर येणार हायत. त्यांच्यासाठी बोकड कापू नका, वाया जाईल. उद्यापासून गेवराईपर्यंतचा एक बी बाजार मी सोडणार न्हाई. जिथं जाईन तिथं खानावळीचं मटण कोण भाजत होतं हे सांगीन.

आत्याबाईंची, तुमच्या आईची, भाकर दुरडीत हाय. दुपारी गाडीवरनं मटण धाडीन, त्यांच्यापुरतंच.

मुक्ता