एकतीस जाती

सावर्डे
९ ऑक्टोबर २०२४

ती. रावजीकाकांना शमिकाचा साष्टांग नमस्कार.

मालगुंडला लेकीकडे तुमची तब्येत बरी असेल. इकडे सगळे ठीक. भात कापणीला आलंय. तुमची काळी गाय आमच्या गोठ्यात मजेत आहे आणि आईला रोज ढुशी मारते. तुमची दिशा बरी आहे, कॉलेजला जाते. नवरात्रात देवाला दिवा आम्हीच लावतोय, पण गुरवाशिवाय देऊळ बरं दिसत नाही.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. ते न वाचता फाडणार नाही, माहीत आहे मला. राग मोठा असला तरी चौकसपणा त्याहून मोठा!

यंदा वाडीत पुन्हा ताप आलाय. वीस तारखेला, रविवारी गावकीची बैठक आहे. देवाची रहाटी, पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं ते रान, तोडून टाकायची, डास तिथूनच येतात, असं ठरवायला बसणार आहेत. तुम्ही त्याआधी यायलाच हवं.

गेल्या वर्षी कॉलेजच्या संशोधनासाठी मी रहाटीत सापळे लावायचे, तेव्हा तुम्ही विचारायचात, "काय गो शमे, आज देवाचे किती डास धरलेस?" मग बैठकीत मी ऐटीत सांगितलं: रहाटीत डासांच्या एकतीस जाती, शेजारच्या तोडलेल्या डोंगरावर फक्त नऊ. वाटलं, शाबासकी मिळेल. पण तुमची नात दिशा तेव्हा डेंग्यूने इस्पितळात होती. लोकांनी ऐकलं एवढंच, की डास रहाटीत जास्त. कोणीतरी म्हणालं, "गुरवाच्या रानातल्या डासांनी गुरवाचीच नात धरली." तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी वहीत बघत राहिले. दुसऱ्या दिवशी देवळाची किल्ली आमच्या पायरीवर ठेवून तुम्ही निघून गेलात.

जाती जास्त म्हणजे रोग जास्त असं नाही हो काका. इथे तर उलटंच आहे. रहाटीतले कितीतरी डास बेडकांना, पाखरांना चावतात. एक तर एवढा मोठा, की बघून घाबराल. पण तो रक्त पीतच नाही, आणि त्याच्या अळ्या दुसऱ्या डासांच्या अळ्या खातात. डेंग्यू पसरवणारे ते काळे-पांढरे पट्ट्यांचे. रहाटीत शंभर धरले तर त्यांतले चार. तोडलेल्या डोंगरावर सत्तर. यंदा पुन्हा मोजलं, तेच निघालं. यात मला काडीची शंका नाही.

गेल्या वर्षीही नव्हती. हे वाक्य लिहायला मला तीन दिवस लागले.

तो डोंगर आमचा. बाबांनी त्यावरचं रान तोडायला विकलं आणि ठेकेदाराच्या माणसांनी चिव्याच्या बांबूची बेटं घाईघाईत छाटली. तुम्ही बांधावरून ओरडत होतात, "पेराला लागून तोडा रे, नायतर खुंटात पाणी राहील!" बाबा हसले. मीही हसले. पावसात एकेक पोकळ खुंट पेल्यासारखा भरला, दिशाच्या खिडकीपासून चाळीस पावलांवर. त्यातल्या, त्याच पट्ट्यांच्या डासांच्या अळ्या मी स्वतः काढल्या होत्या, बैठकीच्या चार दिवस आधी. वहीत ते पान आहे. मी ते वाचलं नाही, कारण बाबा समोरच बसले होते. माझ्या गप्प बसण्यापायी तुम्हाला गाव सोडावं लागलं. लाज वाटते काका.

परवा बाबांना ते पान दाखवलं. काल त्यांनी कोयतीला धार लावली. आज उजाडताच ती घेऊन वर गेले आणि एकेक खुंट पेरापर्यंत उतरवतायत. जेवायलाही खाली आले नाहीत.

रविवारी देवापुढे गाऱ्हाणं तुम्हीच घाला. त्याआधी मी ते पान वाचणार, डोंगर कुणाचा तेही सांगणार. तुम्ही आलात तर तुमच्या शेजारी उभी राहून, नाही आलात तर एकटी. वाचणार मात्र नक्की, आणि रहाटी वाचणार.

आदल्या दिवशी, शनिवारी एसटी स्टँडवर मी थांबते. देवळाची किल्ली माझ्याजवळच आहे.

त्या डोंगराच्या मालकाची मुलगी,
आणि अजून चालत असेल तर तुमची,
शमी